आधी फुलांचा दिवस, मग हेमकुंडाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना उजाडला की आपल्या वृत्तपत्रात पावसाळी सहलींच्या जाहिराती येऊ लागतात आणि त्यांत 'फुलांची दरी व हेमकुंड साहिब' हे नाव दरवर्षी ठळक अक्षरांत असते. अशी जाहिरात दिसली की मी आधी एकूण दिवस मोजते आणि मग घांगरिया या मुक्कामाच्या गावी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काय ठेवले आहे ते पाहते. बऱ्याचदा तिथे हेमकुंड असते आणि फुलांची दरी त्यानंतरच्या दिवशी. हा क्रम उलटा करावा आणि घांगरियातील मुक्काम किमान एका रात्रीने वाढवावा, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी लहान वाटेल, परंतु गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत जे घडले त्यानंतर ती जाहीरपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

ज्यांनी ही वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या रस्त्यावर जोशीमठाच्या पुढे गोविंदघाट लागते. त्याची उंची सुमारे १,८०० मीटर आहे. तिथे अलकनंदा ओलांडून पुलना गावापर्यंत आता जीप जाते आणि त्यानंतर भ्यूंडार गावावरून, लक्ष्मणगंगेच्या काठाने, नऊ-दहा किलोमीटरची चढणीची पायवाट घांगरियाला पोहोचते. घांगरिया सुमारे ३,०५० मीटरवर आहे. तिथून पुढे वाट फुटते. डावीकडची वाट पुष्पावती नदीच्या काठाने फुलांच्या दरीत शिरते आणि उजवीकडची सहा किलोमीटरमध्ये सुमारे बाराशे मीटर चढून हेमकुंडाच्या सरोवराशी आणि त्याच्या काठच्या शीख गुरुद्वाऱ्याशी नेते. दरीत मुक्कामाला परवानगी नाही, हेमकुंडावरही कोणाला रात्री राहता येत नाही, त्यामुळे दोन्ही ठिकाणे पाहून संध्याकाळी घांगरियालाच परतावे लागते. कोणते ठिकाण आधी पाहायचे हा निर्णय सर्वस्वी सहल आखणाऱ्याच्या हाती असतो.

आमचा बावीस जणांचा गट होता आणि बहुतेक जण पन्नास ते पासष्ट या वयाचे होते. रविवारी आम्ही रेल्वेने हरिद्वारला उतरलो, सोमवारी दिवसभराच्या बसप्रवासाने गोविंदघाटला पोहोचलो आणि मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता भर पावसात घांगरिया गाठले. बुधवारी पहाटे हेमकुंड ठरलेले होते. म्हणजे समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर असलेल्या हरिद्वारहून आम्ही तिसऱ्या दिवशी सव्वाचार हजार मीटरच्या वर जाणार होतो. त्यातले बाराशे मीटर मंगळवारचे आणि पुढचे बाराशे बुधवारचे, मध्ये केवळ एक रात्र. कार्यक्रमपत्रिकेत हे सगळे आकडे नव्हते. तिथे 'दिवस चौथा : हेमकुंड साहिब दर्शन' एवढेच छापलेले होते.

ताई त्रेसष्ट वर्षांची आहे आणि तिने आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. तिला दरीची ओढ होती. जाण्यापूर्वी दोन महिने तिने एका दोनशेपानी वहीत रकाने आखून ठेवले होते : फुलाचे नाव, कुळ, कोठे दिसले, किती वाजता दिसले. मंगळवारी रात्री तिने जेवणाला हात लावला नाही, डोके जड झाले आहे म्हणाली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी मी हे टूर लीडरच्या कानावर घातले. ते म्हणाले, "इथे पहिल्या दिवशी सगळ्यांचंच डोकं दुखतं, ताईंना घोड्यावर बसवू, म्हणजे दमणूक होणार नाही." उद्याच्या पावसाचा अंदाज वाईट आहे, म्हणून हेमकुंड आजच उरकलेले बरे, असेही त्यांनी सांगितले. ते गृहस्थ मनाने चांगले होते आणि पुढच्या प्रसंगात त्यांनी धावपळ केली. त्यांना उंचीच्या आजाराविषयी कोणी शिकवलेलेच नव्हते, आणि माझी तक्रार नेमकी याच गोष्टीविषयी आहे.

घोडा वर पोहोचायला साडेतीन तास लागले. वर धुके दाटले होते. सरोवराचे पाणी राखाडी दिसत होते आणि भोवतीची शिखरे अधूनमधूनच डोकावत होती. दर्शन घेऊन आम्ही लंगरमध्ये गेलो. गरम खिचडी आणि स्टीलच्या पेल्यात गोड चहा मिळाला. ताईने पेला हातात धरला, तो हळूहळू तिरका झाला आणि चहा तिच्या शालीवर सांडू लागला, तरी ती समोर पाहत बसून राहिली. मी पेला काढून घेतला तेव्हा तिने मला विचारले की आपण फुलांच्या दरीत आलो आहोत का. पंगतीत वाढणाऱ्या एका वृद्ध सेवादारांनी हे पाहिले. त्यांनी तिला उभे केले आणि फरशीच्या सांध्यावरून सरळ चालायला सांगितले. तीन पावलांत तिचा तोल गेला. "बहनजी, इन्हें बिठाइए मत, अभी नीचे ले चलिए," एवढे बोलून त्यांनी स्वतः बाहेर जाऊन कंडी, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत माणसाला बसवून नेणारा हमाल, बोलावून आणला. त्या तरुणाने ताईला पाठीवर घेऊन जवळजवळ न थांबता खाली आणले. अर्ध्या वाटेवर तिने पाणी मागितले, त्याच्याही खाली आल्यावर तिला माझे नाव आठवले. संध्याकाळी घांगरियात डॉक्टरांनी तपासले आणि आणखी दोन तास वर राहिला असतात तर गोष्ट हाताबाहेर गेली असती, असे सांगितले.

या आजारात काय होते हे मी परत आल्यावर डॉक्टरांकडून नीट समजून घेतले. घांगरियाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो आणि हेमकुंडाला तो ६० टक्क्यांच्या आसपास उतरतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेच राहते, परंतु दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासागणिक रक्ताला मिळणारा ऑक्सिजन घटतो. शरीर यावर पहिला उपाय करते तो म्हणजे श्वास खोल आणि जलद घेण्याचा. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्ताची आम्लता बिघडते आणि ती सावरण्याचे काम मूत्रपिंडांना करावे लागते. या कामाला एक-दोन दिवस लागतात. तेवढा अवकाश न देता आणखी वर गेल्यास डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, झोप न येणे ही लक्षणे वाढतात आणि काही जणांच्या मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसांत पाणी भरते. तोल जाणे आणि असंबद्ध बोलणे ही मेंदूच्या सुजेची खूण आहे. बसल्या जागी धाप लागणे आणि सतत खोकला येणे ही फुप्फुसांची. दोन्हींवर खरा उपचार एकच, ताबडतोब खाली उतरणे. ताईचा आजार मंगळवारी रात्रीच सुरू झाला होता आणि आम्ही तो ओळखला नाही. डोके दुखत असताना आणखी उंची गाठायची नाही, हा या विषयातील पहिला नियम आहे, आणि आम्ही तिला चौदा हजार फुटांच्याही वर नेले.

घोड्यामुळे दमणूक होत नाही, हे टूर लीडरचे म्हणणे खरे होते आणि धोका त्यातच होता. पायी चढणारा माणूस उंचीबरोबर मंदावतो, दर दहा पावलांनी थांबतो, त्याला स्वतःच्या शरीराकडून सूचना मिळत राहते आणि न जमल्यास तो वाटेतूनच मागे फिरतो. घोड्यावर बसलेल्या माणसाला ही सूचना मिळत नाही. वयस्कर, गुडघे दुखणाऱ्या किंवा वजन जास्त असलेल्या यात्रेकरूंनी घोडा घेऊ नये असे मी म्हणत नाही, कारण अनेकांना त्याशिवाय दर्शन घडणारच नाही. परंतु घोडा पायांचे कष्ट वाचवतो, विरळ हवेवर त्याचा काही इलाज चालत नाही, हे त्यांना घोड्यावर बसण्यापूर्वी कोणीतरी सांगितले पाहिजे. आपल्याकडचे अनेक जण कापराची पुडी हुंगत चढतात. तिने बरे वाटत असेल तर खुशाल हुंगावी, मात्र रक्तातला ऑक्सिजन तिने वाढत नाही आणि तिच्या भरवशावर डोकेदुखी अंगावर काढणे घातक आहे. डायमॉक्स हे औषध जुळवून घेण्याच्या क्रियेला मदत करते, पण ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी.

आता दरीचा दिवस आधी का हवा, ते सांगते. मी २००६ साली एकदा या वाटेने गेले होते. तेव्हा पुलनापर्यंत मोटार जात नव्हती आणि गोविंदघाटपासूनच चालावे लागे. त्या खेपेला आमच्या गटाने घांगरियात पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दरी पाहिली होती. दरीत घोडे सोडत नाहीत, त्यामुळे बहुतेकांना आपल्या पायांनीच जावे लागते. घांगरियाहून निघाल्यावर पुष्पावतीवरचा पूल लागतो, मग भूर्जांच्या झाडीतून एक खडा चढ, आणि तो संपला की जमीन एकदम मोकळी होऊन दरी समोर उघडते. तिथून पुढे हळूहळू साडेतीन हजार मीटरच्या आसपास जाऊन संध्याकाळी पुन्हा घांगरियाला, म्हणजे साडेचारशे मीटर खाली झोपायला यायचे. दिवसा वर जावे आणि रात्री खाली झोपावे, ही गिर्यारोहकांची जुनी पद्धत आहे, आणि ती येथे निसर्गानेच जमवून ठेवली आहे. त्या दिवशी आमच्यातील दोघांचे डोके दुखले, त्यांनी तिसऱ्या दिवशी घांगरियातच विश्रांती घेतली आणि चौथ्या दिवशी ते पायी हेमकुंड चढून आले. ज्यांना काही झाले नाही ते तिसऱ्याच दिवशी गेले. एकालाही खाली आणावे लागले नाही.

दरी आधी ठेवण्याला दुसरेही कारण आहे आणि ते फुलांचे आहे. जे गट दरी शेवटी ठेवतात त्यांतील निम्मे लोक हेमकुंडाच्या चढउताराने इतके थकलेले असतात की दरीच्या तोंडाशी छायाचित्रे काढून माघारी फिरतात, कारण आत चार-पाच किलोमीटर चालण्याचे त्राण उरलेले नसते. आणि खरी दरी आत आहे. ऑगस्टमध्ये डोंगरउताराला तेरड्याच्या कुळातील गुलाबी फुलांचे ताटवे पुरुषभर उंच वाढलेले असतात, त्यांतून वाट काढताना कोपरापर्यंतच्या बाह्या भिजतात. पुढे ओढ्यांच्या काठी जिरेनियम, पोटेन्टिला, ॲस्टर आणि नागफणीसारखा फणा काढलेली कोब्रा लिली भेटते. निळी हिमालयीन खसखस शोधावी लागते. ती खडकांच्या आडोशाला उभी असते, तिच्या देठावर बारीक काटे असतात आणि पाकळ्या इतक्या पातळ असतात की पावसाच्या थेंबांनी त्या कागदासारख्या चुरगळतात. २००६ साली मला ती एकाच ठिकाणी दिसली होती आणि ताईच्या वहीत पहिल्या ओळीवर तिचेच नाव होते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी या दरीत पाचशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद केलेली आहे. ८७ चौरस किलोमीटरहून थोड्या अधिक क्षेत्राच्या या राष्ट्रीय उद्यानाला १९८२ साली संरक्षण मिळाले आणि २००५ साली त्याचा समावेश नंदादेवीसह जागतिक वारसास्थळात झाला. १९३१ साली कामेत शिखरावरून परतणारे ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सहकारी या दरीत उतरले, आणि १९३७ साली स्माइथ पुन्हा केवळ फुलांसाठी येथे येऊन राहिले. त्यानंतर दोन वर्षांनी जोन मार्गारेट लेग ही वनस्पतींची अभ्यासक येथे आली आणि फुले गोळा करताना कड्यावरून घसरून मृत्यू पावली. तिची समाधी दरीत आजही आहे, आणि तिथपर्यंत तरी प्रत्येकाने जावे असे मला वाटते. ज्या दरीसाठी माणसे महिनोन्महिने राहायला आली, तिला शेवटच्या दिवसाचे उरलेसुरले तीन तास द्यावेत, हे मनाला पटत नाही.

हेमकुंडाचे महत्त्व मी कमी करते आहे असा कोणाचा समज होऊ नये. गुरू गोविंदसिंग यांनी 'बचित्तर नाटक' या आपल्या रचनेत हेमकुंट पर्वताचा आणि सप्तशृंगाचा उल्लेख केला आहे आणि पूर्वजन्मी आपण तेथे तप केले असे म्हटले आहे. सप्तशृंग हा शब्द वणीमुळे आपल्या घरातलाच आहे, आणि गुरूंनी देह ठेवला ते नांदेडही आपलेच. त्यामुळे या तीर्थाशी मराठी माणसाचे नाते परक्याचे नाही. ही जागा शोधून काढली ती सैन्यातून निवृत्त झालेल्या संत सोहनसिंग यांनी. ते गोविंदघाटजवळच्या पांडुकेश्वरला आले असता स्थानिक लोक लोकपाल सरोवरावर, म्हणजे आजच्या हेमकुंडावर, स्नानाला जातात असे त्यांना समजले, त्या लोकांबरोबर ते वर गेले आणि सरोवराभोवतीची सात शिखरे पाहून त्यांची खात्री पटली. ते वर्ष १९३४. पुढे त्यांनी आणि हवालदार मोदनसिंग यांनी मिळून तेथे दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक खोली उभी केली. आजची मोठी इमारत नंतरची आहे. सरोवराच्या काठी लक्ष्मणाचे मंदिर आहे, तिथे डोंगरातील गावकरी पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. दरवर्षी मे महिन्यात यात्रा सुरू होण्यापूर्वी जवान आणि सेवादार मिळून वाटेवरच्या अटलाकोटी येथील हिमावरून वाट कोरतात, त्यानंतरच पहिला जथा वर जातो. दुपारी दोनच्या सुमारास सर्व यात्रेकरूंना खाली पाठवले जाते. वर कोणी रात्र काढायची नाही या नियमामागे हवामान आहे, थंडी आहे, आणि त्याने अनेकांचे प्राण नकळत वाचले असतील असे मला आता वाटते. सोहनसिंगांच्या काळी कोणीही दोन रात्रींच्या विश्रांतीवर हरिद्वारहून हेमकुंडाला पोहोचू शकत नव्हते. वाटच इतकी लांब होती की शरीराला हवे तेवढे दिवस ती आपोआप देत असे. रस्ता जसा आत सरकला तसे ते दिवस कमी होत गेले.

ते आणखी कमी होणार आहेत. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोविंदघाट ते हेमकुंड साहिब या १२.४ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. खर्च २,७३० कोटी रुपयांचा आहे आणि दिवसाला ११,००० प्रवाशांची वाहतूक अपेक्षित आहे. त्याच महिन्यात दरड कोसळून गोविंदघाटचा अलकनंदेवरील पूल तुटला. २०१३ च्या जूनमधील महापुरात याच गोविंदघाटची आणि भ्यूंडारची वाताहत झाली होती. त्या डोंगराला एवढे बांधकाम पेलेल का, हा प्रश्न तज्ज्ञांचा आहे आणि मी त्यात पडत नाही. रोपवेमुळे ज्यांना कधीच दर्शन घडले नसते अशा वृद्धांना आणि अपंगांना ते घडेल, ही गोष्ट मोलाची आहे. पण १,८०० मीटरवरून सव्वाचार हजार मीटरच्या वर माणूस तासाभरात पोहोचणार असेल, तर घोड्याबाबत मी जे लिहिले ते येथे कितीतरी पटींनी लागू होते, आणि तेही नेमके अशा प्रवाशांना, ज्यांचे हृदय आणि फुप्फुसे आधीच कमजोर आहेत. ही सोय सुरू होईल तेव्हा घांगरियाच्या टप्प्यावर किमान एक रात्र थांबल्याशिवाय वरचे तिकीट देऊ नये आणि वरच्या स्थानकावर ऑक्सिजन व प्रशिक्षित डॉक्टर असावेत, ही मागणी आतापासून केली तर ती आराखड्यात येऊ शकेल. नंतर तिला जागा मिळणे अवघड आहे.

सहल आयोजकांचे म्हणणेही मी ऐकले आहे. एक रात्र वाढवली की खर्च वाढतो, नोकरदारांना रजा मिळत नाही, आणि पावसाचा भरवसा नसल्याने हेमकुंड आधी उरकावे लागते. पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत. त्यावर माझे उत्तर एवढेच की ज्याला रजा कमी आहे त्याने केवळ दरी पाहून परतावे, हेमकुंड पुढच्या वर्षी करावे. दरी आणि घांगरिया एवढाही प्रवास परिपूर्ण आहे. तिसरी अडचण मला मान्य नाही. ऑगस्टमध्ये त्या खोऱ्यात पाऊस आजही असतो आणि उद्याही असतो. पावसात हेमकुंडाची वाट निसरडी होते पण चालता येते. पावसाला टाळण्यासाठी शरीराला न मिळालेला दिवस मात्र त्या उंचीवर कोणत्याही रेनकोटने भरून निघत नाही. तसे पाहता महाराष्ट्रातीलच काही जुने गिर्यारोहण गट आजही घांगरियात तीन रात्री ठेवतात आणि त्यांचे गट भरतातही.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे की पर्यटनविषयक पुरवणीत या सहलीवर मजकूर येतो तेव्हा प्रत्येक मुक्कामाची उंची आकड्यांत छापावी आणि मेपूर्वी एकदा, उंचीवरील आजारांचा अनुभव असलेल्या एखाद्या डॉक्टरांचा लेख वाचकांना द्यावा. जाहिरातींवर आपले नियंत्रण मर्यादित असेल, तरी आयोजकांना कार्यक्रमपत्रिकेत रोजची उंची नमूद करण्याचे आवाहन आपण करू शकता. सोबत जाणाऱ्या प्रत्येक टूर लीडरला सरळ रेघेवर चालून पाहण्याची ती साधी चाचणी ठाऊक असावी. ती करायला दहा सेकंद लागतात आणि त्या सेवादारांना ती कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय येत होती. आई-वडिलांना अशा सहलीला पाठवणाऱ्या मुलामुलींनीही आयोजकाला एक प्रश्न विचारावा : घांगरियाला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काय आहे? उत्तर 'हेमकुंड' असे आले तर क्रम बदलण्याचा आग्रह धरावा.

त्या गुरुवारी आमचा गट दरीत गेला आणि मी ताईजवळ घांगरियाच्या खोलीत थांबले. दुपारी पाऊस उघडला तेव्हा ती खिडकीशी येऊन बसली आणि दरीकडे जाणाऱ्या वाटेवरून परतणाऱ्या लोकांना पाहत राहिली. गटातील एका मुलीने तिला भ्रमणध्वनीवर निळ्या खसखशीचे छायाचित्र दाखवले. ताईने ते बराच वेळ पाहिले, पण वहीत नोंद केली नाही. स्वतः पाहिल्याशिवाय रकाना भरायचा नाही, असे तिचे म्हणणे आहे. आता तिची प्रकृती पूर्ण सुधारली असून, पुढील ऑगस्टमध्ये सावकाश चढण्याच्या अटीवर डॉक्टरांनी तिला परवानगी दिली आहे. या वेळी आम्ही गोविंदघाटला एक आणि घांगरियाला चार रात्री राहणार आहोत. पहिले दोन दिवस दरीचे ठेवले आहेत आणि हेमकुंडाला जायचे की नाही हे तिसऱ्या रात्री, ताईचे डोके दुखते की नाही हे पाहून ठरवणार आहोत. अशा सवडीने जाणारा एखादा गट आपल्या वाचकांच्या माहितीत असल्यास त्यांनी याच सदरातून कळवावे, आम्हा दोघींना त्यांच्यासोबत जायला आवडेल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त बँक कर्मचारी